स्केटबोर्ड मासिकांची मुखपृष्ठं: कशी वाचायची आणि तसा फोटो कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी अमेरिकन स्केटबोर्ड मासिकांची जुनी-नवी मुखपृष्ठं जमवली आहेत, पण निम्म्या स्कॅनवर तारीख दिसत नाही. ती काळानुसार कशी लावायची? त्यांची मांडणी अशी का बदलत गेली? आणि त्याच धर्तीचं एक मुखपृष्ठ आपल्या शहरात टिपायचं, तर काय काय सांभाळायचं?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. स्केटबोर्ड मासिकाचं कव्हर हा पुरावा असतो. अमुक पोराने अमुक जागी अमुक ट्रिक केली आणि खाली उतरल्यावरही तो फळीवर उभा होता, एवढं त्या एका चौकटीने पटवायचं असतं. पडलेल्या ट्रिकचा फोटो कितीही देखणा असला, तरी कव्हरवर घ्यायचा नाही, हा या क्षेत्रातला जुना दंडक. घेतला आणि नंतर कळलं की ट्रिक कधी उतरलीच नव्हती, तर मासिकाची अब्रू जाते. लेन्स कोणती, फ्लॅश कुठे, चौकट कुठे कापायची, हे सगळं या एका गरजेतून ठरत आलं आहे. काळ बदलला तसं पटवायचं काय हे बदललं आणि कव्हर बदलली.

सुरुवात १९६४ची. सर्फिंगचं मासिक काढणाऱ्या जॉन सेव्हरसनच्या प्रकाशनाने 'क्वार्टर्ली स्केटबोर्डर' काढलं, चार अंक निघाले आणि १९६५ मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी, १४ मे १९६५च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅक्गी ही राष्ट्रीय विजेती फळीवर हातांवर उलटी उभी राहून घरंगळत चाललेली दिसते. छायाचित्रकार बिल एप्रिज. त्यावरच्या ओळीत वेड आणि धोका हे दोन्ही शब्द होते, आणि पुढे झालंही तसंच. तेव्हाची चाकं क्लेची, म्हणजे ठिसूळ आणि टणक. वाटाण्याएवढा खडा आला की फळी जागच्या जागी थांबायची आणि माणूस पुढे जायचा. अपघात वाढले, अनेक शहरांनी बंदी घातली, धंदा बसला.

तो उठवला चाकाने. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने 'कॅडिलॅक' नावाने युरेथेनची चाकं विकायला आणली. ती खड्यावरून जातात आणि उतारावर पकड सोडत नाहीत. १९७५ मध्ये 'स्केटबोर्डर' पुन्हा सुरू झालं. पहिल्या अंकावर ग्रेग वीव्हर रिकाम्या स्विमिंग पूलमध्ये. पुढच्या दोन वर्षांत कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला, बंगल्यांचे पूल कोरडे झाले आणि पोरं कुंपणावरून आत उतरली. सांता मोनिकाच्या झेफिर या स्केटबोर्ड संघावर क्रेग स्टेसिकने लिहिलेले आणि टिपलेले लेख याच मासिकात आले. संपादक वॉरन बोल्स्टर स्वतः छायाचित्रकार. फिशआय (अतिशय रुंद कोनाची, कडेच्या रेषा वाकवणारी लेन्स) आणि मोटर ड्राइव्ह (सलग फोटो घेणारी यंत्रणा) यांची सवय स्केटबोर्ड फोटोग्राफीला लागली ती बरीचशी त्याच्यामुळे.

या काळातल्या कव्हरवर नजर ठेवायची ती पूलच्या काठावर. काठाच्या कडेला कोपिंग असते, म्हणजे पुढे आलेली गोल सिमेंटची कड. चारांपैकी किती चाकं तिच्या वर गेली आहेत, हाच त्या फोटोचा मुद्दा. म्हणून १९७५-८०च्या कव्हरांत कॅमेरा जवळजवळ नेहमी काठावर किंवा काठाच्या थोडा वर असतो. तळातून काढलेला फोटो उंचीचा आभास देतो, पण चाक काठाला टेकलंय की सुटलंय हे त्यातून कळत नाही.

मग विम्याचे हप्ते परवडेनासे होऊन स्केटपार्क पटापट बंद झाले. १९८० मध्ये 'स्केटबोर्डर'चं 'ॲक्शन नाऊ' झालं. त्यात सायकली, सर्फिंग, बरंच काही शिरलं आणि थोड्याच काळात तेही संपलं. अशा पडत्या बाजारात जानेवारी १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून 'थ्रॅशर' निघालं. काढणारे फॉस्टो व्हिटेलो आणि एरिक स्वेन्सन, म्हणजे 'इंडिपेंडंट' ट्रकचे मालक. ट्रक म्हणजे फळीखालचा धातूचा आस, ज्यावर चाकं बसतात. विकायला माल आहे पण जाहिरात करायला मासिक नाही, ही त्यांची अडचण होती. पहिल्या अंकाच्या कव्हरवर फोटो नाही, चित्र आहे, पहिला संपादक केव्हिन थॅचरने काढलेलं. कागद वर्तमानपत्राचा. नावाचं अक्षर रोजर एक्सकॉफाँचं 'बँको', १९५१चं. तिरक्या, कापल्यासारख्या फटकाऱ्यांचं हे अक्षर आजही तेच आहे.

'थ्रॅशर'चा शिवराळ सूर ज्यांना रुचला नाही त्यांनी १९८३ मध्ये 'ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग' काढलं. यामागे लॅरी बाल्मा आणि पेगी कझन्स, म्हणजे 'ट्रॅकर' ही दुसरी ट्रक कंपनी. एकाचं घोषवाक्य 'स्केट अँड डिस्ट्रॉय', दुसऱ्याचं उत्तर 'स्केट अँड क्रिएट'. दोन ट्रक कंपन्यांचं भांडण दोन मासिकांच्या रूपाने वर्षानुवर्षं चाललं, हे लक्षात ठेवून त्या काळचे अंक चाळा. कोणाचे स्केटर कुठे जास्त दिसतात हे मोजायला प्रकल्पात मजा येईल. 'ट्रान्सवर्ल्ड'ची आतली मांडणी १९८४ ते ८८ डेव्हिड कार्सनच्या हातात होती, तोच ग्राफिक डिझायनर जो पुढे तुमच्या अभ्यासक्रमात येतो.

याच मासिकाच्या जून १९८७च्या कव्हरवर ग्रँट ब्रिटनने काढलेला टॉड स्वांकचा फोटो आहे. त्यात ट्रिक नाही. एक पाय फळीवर, दुसरा जमीन मागे ढकलतोय, इतकंच. पुराव्याचा नियम इथे मोडलेला दिसतो, पण नीट पाहिलं तर मोडलेला नाही. पाय ढकलण्याची ती ढब प्रत्येक स्केटरची वेगळी असते आणि जाणकार लांबूनही माणूस ओळखतो. माझ्या मते या क्षेत्रातलं हे सर्वांत धाडसी कव्हर. मात्र विद्यार्थ्यांनी त्याची नक्कल करू नये, कारण त्यासाठी आधी शंभर अंकांनी वाचकाला ट्रिकची सवय लावलेली असावी लागते.

पुढचं भराभर. १९९२ मध्ये स्टीव्ह रॉकोने 'बिग ब्रदर' काढलं, मुद्दाम वाह्यात. ते २००४ मध्ये बंद झालं. १९९०च्या दशकात पूल-रॅम्प मागे पडले, रस्ता, कट्टे आणि पायऱ्या आल्या, आणि शेवटी शेवटी तर किती पायऱ्या हाच कव्हरचा मथळा होऊ लागला. 'ट्रान्सवर्ल्ड'चा छापील अंक २०१९ मध्ये थांबला, 'थ्रॅशर' चालू आहे. बायकांच्या बाबतीत मात्र 'थ्रॅशर'चा इतिहास लाज आणणारा आहे: कारा-बेथ बर्नसाइड १९८९ मध्ये, जेमी रेयेस १९९४ मध्ये, आणि त्यानंतर थेट २०१७ मध्ये लिझी अर्मांटो. मध्ये तेवीस वर्षं कोणीच नाही.

आता तारखा. चेहरे आणि कपडे फसवतात, कारण फॅशन फिरून परत येते. फळी फसवत नाही. अरुंद, सपाट, शेपटी न वळलेली फळी आणि छोटी मळकट चाकं दिसली की १९६०चं दशक. वळलेली शेपटी आणि अर्धपारदर्शक रंगीत चाकं म्हणजे १९७०च्या दशकाचा मध्य. त्या फळ्या साधारण ६ ते ७.५ इंच रुंद. १९७८नंतर रुंदी झपाट्याने वाढून १० इंचांपर्यंत गेली. मग १९८०चं दशक ओळखायला सगळ्यात सोपं: पुढचं नाक आखूड, शेपटी मोठी, बाजूंना माशासारखा आकार, फळीखाली प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, शेपटीला प्लास्टिकचं संरक्षक, चाकं ६० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ ते ९१ हा संक्रमणाचा काळ. नाक लांबत लांबत शेपटीएवढं होतं. १९९२-९३ मध्ये चाकं इतकी लहान झाली, ४० मिलिमीटरच्या आसपास, की कव्हरवर ती शोधावी लागतात. सोबत तंबूसारख्या पँटी. दोन-तीन वर्षांत चाकं पुन्हा ५२-५४वर स्थिरावली, फळी ७.५ ते ७.७५ इंच, दोन्ही टोकं सारखी गोल. इथून पुढे आकार फारसा बदलत नाही, फक्त रुंदी २०१०नंतर ८ ते ८.५कडे सरकते. म्हणजे १९९६ ते २००८ मधलं कव्हर फळीवरून सांगणं कठीण. तिथे बुटांकडे पाहा: २०००च्या आसपासचे बूट फुगीर, जाड जिभेचे, पाचेक वर्षांनी ते सपाट, पातळ होतात.

ट्रिकवरून फक्त खालची मर्यादा ठरते. हात न लावता हवेत जाणं, म्हणजे ऑली, ॲलन गेलफंडने फ्लोरिडातल्या बाउलमध्ये १९७८च्या सुमारास आणलं आणि रॉडनी मुलेनने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते सपाट जमिनीवर आणलं. म्हणून सपाट रस्त्यावरून ऑली मारून वर चढलेला स्केटर दिसला तर ते कव्हर १९७०च्या दशकातलं नाही. जिन्याच्या रेलिंगवर घसरणं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी नाही. एक सावधगिरी: मासिकं जुने फोटो विशेषांकांसाठी पुन्हा वापरतात. फोटो १९७७चा आणि संकेतस्थळाचा पत्ता वगैरे सोबत असेल, तर तो अंक पुनर्मुद्रण किंवा स्मरणांक समजा.

आता फोटो. पायऱ्यांवरून किकफ्लिप धरून चालू, म्हणजे फळी पायाखाली आपल्या लांबीच्या आसाभोवती एकदा पूर्ण गिरकी घेते आणि स्केटर ती पुन्हा पायांनी धरतो.

जागा आधी. ५२-५४ मिलिमीटरची कडक चाकं पेव्हर ब्लॉकवर चालत नाहीत. सांध्यासांध्याला वेग मरतो आणि तोल जातो. शहाबादी फरशीचे सांधे रुंद असतील तर तेच. गुळगुळीत कोबा किंवा ग्रॅनाइट उत्तम, पण त्यावरची बारीक धूळ झाडूने काढून मग ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर उतरताना फळी बाजूला निसटते. धावपट्टीतली भेग गॅरेजवाले पत्रा बुजवायला वापरतात त्या पुट्टीने भरता येते: हार्डनर वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास, पंधरा-वीस मिनिटांत घट्ट. लवकर वाळावी म्हणून हार्डनर वाढवला की ती ठिसूळ होते आणि पहिल्याच चाकाखाली फुटते. कट्ट्याच्या कडेला मेणबत्ती घासतात, पण बेताने; जास्त झाली तर स्केटर ग्राइंडमध्ये, म्हणजे ट्रकवर कडेवरून घसरताना, अपेक्षेपेक्षा पुढे फेकला जातो. आणि सोसायटीची किंवा कार्यालयाची परवानगी आधी घ्या. वॉचमन मध्ये आला की प्रकाश जातो, आणि प्रकाशाची वेळ परत मिळत नाही.

चौकटीत तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: उडी कुठून घेतली, मध्ये काय ओलांडलं, उतरणार कुठे. यातली तिसरी सगळ्यात जास्त वेळा कापली जाते. २०२२च्या शेवटी 'थ्रॅशर'वर आलेला टायशॉन जोन्सचा फोटो समोर ठेवा. न्यूयॉर्कच्या १४५व्या रस्त्यावरचं मेट्रो स्थानक, रुळांच्या खड्ड्यावरून किकफ्लिप, छायाचित्रकार अतिबा जेफरसन. दोन्ही फलाट चौकटीत आहेत म्हणूनच छातीत धस्स होतं. याच रुळांवरून कोकी लोआइझा काही वर्षांपूर्वी साधी ऑली मारून गेला होता आणि ॲलन यिंगने ती '४३' या मासिकासाठी टिपली होती. जागा पुन्हा वापरायची असेल तर ट्रिक आधीच्यापेक्षा अवघड हवी, हा अलिखित नियम इथे पाळलेला दिसतो.

लेन्सचा निर्णय उडीच्या आकारावरून करा. उडी लांब असेल तर लांबून, ७०-२०० झूमने; जिना आणि माणूस दोन्ही खऱ्या प्रमाणात राहतात. जागा अडचणीची किंवा अडथळा छोटा असेल तर फिशआय: फुल-फ्रेमला १५ मिलिमीटर, लहान सेन्सरला १० किंवा ८. फिशआय परिणाम करते ती अगदी जवळून. स्केटर लेन्सपासून अर्ध्या मीटरवरून गेला पाहिजे. दोन मीटरवर गेला तर तो मुंगीएवढा दिसतो. फिशआयमध्ये मधून जाणारी रेषा सरळ राहते आणि कडेची वाकते, म्हणून रेलिंग शक्यतो चौकटीच्या मध्यातून जाऊ द्या. आणि लेन्स फार खाली नेऊ नका. तीन पायऱ्या आठ वाटतात खऱ्या, पण उतरायची जागा पायऱ्यांमागे लपते आणि जाणकार वाचक लगेच म्हणतो, काहीतरी लपवलंय.

वेगाचं गणित डोक्यात हवं. स्केटर सेकंदाला ६ मीटर वेगाने येत असेल, तर १/२५० सेकंदात २.४ सेंटिमीटर सरकतो. फोटोत हा धुरकटपणा स्पष्ट दिसतो. १/१००० ला ६ मिलिमीटर, ते चालतं. पण बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश १/२००-१/२५०च्या पुढे पूर्ण चौकटीला लागत नाही, म्हणून गोठवायचं काम शटरवर न टाकता फ्लॅशच्या झोतावर टाकतात. छोट्या फ्लॅशचा झोत पूर्ण शक्तीला साधारण १/९०० सेकंद टिकतो, पाव शक्तीला साधारण १/२५००. म्हणून शक्ती जितकी कमी तितकी कड धारदार. जुने लोक हॅसलब्लाड बाळगायचे त्याचं कारणही हेच होतं: त्याच्या लेन्समधलं शटर १/५००लाही फ्लॅश धरतं.

व्यवहारात सुरुवातीची मापं: आयएसओ २००, एफ ८, १/२५०, दोन फ्लॅश पाव शक्तीला, स्केटर हवेत जिथे असेल तिथपासून सुमारे ३ मीटरवर; एक समोरून ४५ अंशांत, दुसरा मागून विरुद्ध बाजूने, म्हणजे माणूस पार्श्वभूमीतून सुटून येतो. स्टँडच्या पायांवर वाळूची पिशवी, आणि कुठलाही झोत थेट त्याच्या डोळ्यांत नको, विशेषतः उतरताना. ही मापं भर दुपारी चालत नाहीत. कडक उन्हात एफ ८ला फोटो दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त उजळतो. एफ १६ केलं तर फ्लॅश पुरत नाही. म्हणून पूर्ण सावली किंवा सूर्य मावळण्याआधीचा अर्धा तास, जेव्हा नुसता नैसर्गिक प्रकाश एक-दीड स्टॉप कमी पडतो.

नवशिक्यांचा नेहमीचा दोष म्हणजे भूत: पायाभोवती दुसरी फिकट कड. फ्लॅशने एक प्रतिमा गोठवली आणि १/२५० सेकंदभर नैसर्गिक प्रकाशाने दुसरी काढली, म्हणून. एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) लावून ती जात नाही, कारण तो दोन्ही प्रकाश सारखेच कापतो. फ्लॅश जवळ आणा, किंवा स्केटरच्या मागे गडद भिंत, झाडी असं काहीतरी घ्या. हाय-स्पीड सिंकचा, म्हणजे जलद शटरलाही फ्लॅश चालवण्याच्या सोयीचा, मोह होतो, पण त्यात फ्लॅशची ताकद निदान दोन स्टॉप घसरते आणि झोत लांब होऊन गोठवण्याचं काम पुन्हा शटरकडे जातं. फ्लॅश नसतीलच तर सरळ कडक ऊन घ्या: आयएसओ ४००, एफ ८, १/१६००, सूर्य तुमच्या पाठीशी पण थोडा बाजूला.

क्षण कोणता? किकफ्लिपमध्ये फळी गिरकी पूर्ण करून वर यायला लागली आणि मागचा पाय तिला टेकतोय, तो. आधी दाबलंत तर फळी उलटी दिसते आणि वाचकाला ती सापडेल की नाही याची खात्री नसते. उशिरा दाबलंत तर साधी ऑलीच दिसते. ग्राइंडमध्ये ट्रक कडेवर बसून निदान एक तृतीयांश अंतर गेल्यावर. सुरुवातीलाच दाबलेला फोटो संशयास्पद दिसतो. फ्लॅश असताना एकच फ्रेम घ्या, सलग नाही. दुसऱ्या फ्रेमपर्यंत फ्लॅश भरत नाही. पूर्ण ट्रिक उतरल्याचा पुरावा म्हणून शेजारी फोनवर व्हिडिओ चालू ठेवा. फिल्मच्या काळी हे काम सीक्वेन्स, म्हणजे सलग फ्रेमांची मालिका, करायचा: सेकंदाला ८ फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात ३६ची रीळ साडेचार सेकंदांत संपायची, म्हणून बटण फार आधी दाबणं महागात पडायचं.

काढतानाच उभी चौकट धरा आणि वरचा पाव भाग मोकळा सोडा, तिथे मासिकाचं नाव बसतं. स्केटरचं डोकं किंवा हात नावाच्या अक्षरांवर आला तर चांगलंच, पण अक्षराचा निम्म्याहून जास्त भाग झाकू नका. खाली डावीकडे बारकोडची जागा. नेमका तिथे उतरायचा कोबा येणार नाही एवढं पाहा. साडेआठ बाय अकरा इंचांच्या कव्हरला ३०० डीपीआयने २५५० बाय ३३०० पिक्सेल, आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जादा किनार) वेगळा. सुरुवातीच्या 'थ्रॅशर'सारखा वर्तमानपत्री कागद वापरणार असाल तर शाई पसरते आणि काळे भाग एकमेकांत मिसळतात. काळी पँट आणि काळी फळी एकच डाग होऊन जातात. फाइलमधले मधले टोन पंधरा टक्क्यांच्या आसपास उजळवा, त्याच कागदावर एक प्रूफ काढा आणि त्यात चाकं वेगळी दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर अजून उजळवा.